डोंगराच्या सावलींतील नभोवाणी

दोन वर्षांपूर्वीं ऐन पावसाळ्यांत मी महाडच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशीं असलेल्या एका वाडींत, एका वडीलधाऱ्या स्नेह्यांकडे चार दिवस राहावयास गेलों होतों. घर जुन्या बांधणीचें. पुढें अंगण, अंगणापुढें भाताचीं खाचरें, आणि मागें परसापासूनच चढत गेलेला डोंगर. सायंकाळीं बातम्यांची वेळ झाली तसा नानांनीं खुंटीवरचा लहानसा रेडिओ काढला, छत्री उघडली आणि ते बाहेर पडूं लागले. मीं विचारलें, "नाना, बातम्या ऐकावयाच्या सोडून आपण निघालांत कोठें?" नाना म्हणाले, "ऐकावयासच निघालों आहें. घरांत हा नुसता खरखरतो. पलीकडच्या बांधावर, आंब्याखालीं, स्वच्छ बोलतो." बांध घरापासून दीडशें पावलांवर होता. त्याच वेळीं सूनबाई माहेरीं फोन करावयाचा म्हणून उलट दिशेस, डोंगराच्या वाटेनें वर चालल्या होत्या. त्या वाटेवर एक मोठा धोंडा आहे. त्यावर उभें राहिलें म्हणजे मोबाईल लागतो. वाडींत त्याला 'रेंजचा धोंडा' असेंच नांव पडलें आहे.

घरीं परत आल्यावर मीं एक नकाशा पाहिला. ज्या गांवाची ती वाडी, तें सारें गांव त्यांत हिरव्या रंगानें भरलेलें होतें. म्हणजे येथें लहरी पोंचतात अशी त्या नकाशाची ग्वाही होती. नकाशा खोटा होता असें मी म्हणणार नाहीं. असे नकाशे ज्या रीतीनें काढतात त्या रीतीप्रमाणें तो बरोबरच असेल. आणि नानाही रोज छत्री घेऊन बांधावर जात होते, हेंही तितकेंच खरें. हीं दोन्हीं एकाच वेळीं खरीं कशीं असूं शकतात, तें आज आपल्यास सांगावयाचें आहे.

हा प्रश्न केवळ सायंकाळच्या करमणुकीचा नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें मातीखालीं गेलीं. गांव जागेवर नाहीं ही गोष्ट बाहेरच्या जगाच्या लक्षांत प्रथम आली ती त्या वाटेनें आलेल्या एस्. टी. बसच्या चालकामुळें. घाटांतील वस्तीला इशारा पोंचविणें आणि तिचा शब्द बाहेर आणणें हें ज्या लहरींवर सोंपवावयाचें, त्या कोठवर जातात हें आधीं ठाऊक असणें किती अगत्याचें आहे, तें याहून अधिक सांगावयास नको.

प्रथम लहरींचा स्वभाव पाहूं. समुद्रकांठीं उभें राहिलें म्हणजे असें दिसतें कीं, मोठी लाट पाण्यांतील लहानशा खडकाला वळसा घालते आणि पलीकडे पुन्हां जुळून पुढें जाते. वाऱ्यानें उठलेल्या बारीक तरंगांची नक्षी मात्र त्याच खडकाच्या पाठीमागें पुसली जाते. नभोवाणीच्या लहरींचेंही असेंच आहे. जुन्या मध्यमलहरींची लांबी सुमारें १९० पासून ५६० मीटरपर्यंत असते. त्या जमिनीला बिलगून, डोंगरांना वळसे घालीत दूरवर जातात. भारतांत १९७७ सालीं मद्रासेस एफ्. एम्. पद्धतीचें ध्वनिक्षेपण सुरू झालें, त्या पद्धतीच्या लहरी तीन मीटरांच्या आसपास असतात. खरखर कमी आणि गाणें स्वच्छ हा तिचा मोठा गुण; परंतु एवढ्या आंखूड लहरी पुष्कळशा प्रकाशासारख्या वागतात आणि डोंगरामागें त्यांची सावली पडते. मोबाईलच्या एका नेहमींच्या पट्ट्यांतील लहरी तर हातभरही नाहींत. त्यांची लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर.

प्रकाशासारख्या वागणाऱ्या लहरींविषयीं पहिला प्रश्न सोपा असतो: मनोऱ्याच्या टोंकावरून आपलें घर दिसतें काय? सपाट भूमीवर शंभर मीटर उंच मनोऱ्याचें क्षितिज या लहरींपुरतें सुमारें ४१ किलोमीटरांवर येतें. ऐकणाऱ्याचा एरियल दहा मीटर उंच असेल तर त्यांत आणखी १३ किलोमीटरांची भर पडते. म्हणूनच मनोरे डोंगरावर नेतात. पुण्याकरितां दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर उभा राहिला तो याच हिशेबानें. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १३१२ मीटर आणि पुणें शहराची सुमारें ५६०. म्हणजे साडेसातशें मीटरांचें जोतें निसर्गानें फुकट दिलें. मनुष्यानें स्वतः बांधलेल्या वस्तूंपैकीं एवढी उंची दुबईच्या बुर्ज खलिफाखेरीज कोणासही गांठतां आलेली नाहीं.

परंतु डोंगरावरच्या दिव्याखालींही अंधार असतोच. माथ्यावरच्या मनोऱ्याला पन्नास किलोमीटरांवरील मैदान दिसतें. त्याच डोंगराच्या कड्याला चिकटून बसलेली वाडी मात्र दिसत नाहीं. सह्याद्रीचा कडा कोंकणाकडे इतका सरळ तुटतो कीं, वरच्या दिव्याचा उजेड खालच्या अंगणावरून तसाच पुढें निघून जातो. नानांचें घर अशाच ठिकाणीं आहे.

तेव्हां कोणतें घर दिसतें आणि कोणतें नाहीं हें ठरवावयाचें तर मधल्या साऱ्या भूमीची उंची ठाऊक पाहिजे. ती मिळवावयाची कशी? आपल्या देशांत हें काम १८०२ सालीं मद्रासेजवळ लॅम्टननें आरंभिलेल्या त्रिकोणमितीच्या मोजणीपासून चालत आलें आहे. ते मोजणीदारही या शिखरावरून तें शिखर दिसावें म्हणूनच दऱ्याखोऱ्यांतून वणवण करीत. एका अर्थीं आपला आजचा प्रश्न त्यांचाच आहे. पुढें समान उंचीच्या रेषा काढलेले नकाशे झाले, आणि अभियंते त्यांवर पट्टी ठेवून, पट्टी जेथें जेथें रेषा कापील तेथील उंची आलेख-कागदावर मांडीत. एका दिशेचें काम करावयास बराच वेळ जाई. अमेरिकेंत तर नियमानेंच आठ दिशा ठरवून दिल्या, आणि प्रत्येक दिशेस ३ पासून १६ किलोमीटरपर्यंतच्या भूमीची सरासरी उंची काढून तीवरून कक्षा ठरवावयाची असा प्रघात पडला. सरासरींत दरीही जाते आणि डोंगरही जातो, हें उघडच आहे.

यांत खरा पालट झाला तो ११ फेब्रुवारी २००० रोजीं. त्या दिवशीं 'एंडेव्हर' हें अमेरिकन अवकाशयान उडालें आणि पृथ्वीभोंवतीं सुमारें २३३ किलोमीटर उंचीवरून अकरा दिवस फिरलें. त्याच्या पोटांत एक रडार होतें आणि बाहेर काढलेल्या ६० मीटर लांब दांड्याच्या टोंकाला दुसरा एरियल होता. जमिनीवरून परतलेली एकच लहर या दोन ठिकाणीं किंचित् निरनिराळ्या अवस्थेंत पोंचे. आपले दोन डोळे एकच वस्तु किंचित् वेगळी पाहतात आणि त्यावरून तिचें अंतर समजतें, तसें त्या फरकावरून जमिनीची उंची निघाली. उत्तरेस ६० अंशांपासून दक्षिणेस ५६ अंशांपर्यंत, म्हणजे जगांतील सुमारें ८० टक्के भूमि, या रीतीनें मोजली गेली. प्रथम बहुतेक देशांकरितां दर नव्वद मीटरांस एक आंकडा खुला झाला. २०१४ पासून दर तीस मीटरांस एक आंकडा मिळूं लागला. भारतानेंही ५ मे २००५ रोजीं कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला, आणि त्याच्या दोन कॅमेऱ्यांनीं निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून आपल्या भूमीच्या उंचीचें कोष्टक तयार झालें. मला यांतली एक गंमत नेहमीं वाटते: डोंगर लहरींच्या आड येतात, आणि ते किती आड येतात हें मोजलें तेंही लहरींनींच.

आतां या आंकड्यांचें करावयाचें काय, तें पाहूं. केंद्र आणि घर यांना जोडणारी एक रेघ नकाशावर ओढावी आणि तिच्याखालच्या प्रत्येक ठिकाणची उंची कोष्टकांतून उचलून कागदावर मांडावी. सुरीनें फणस मधोमध चिरावा तसा भूमीचा उभा छेद आपल्यापुढें येतो. मग मनोऱ्याच्या टोंकापासून घराच्या छपरापर्यंत दोरा ताणावा. तो कोठें डोंगरास अडतो काय हें पाहावें. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें मधली भूमि फुगते. चाळीस किलोमीटर अंतर असेल तर मध्यावर हा फुगवटा ३१ मीटर भरतो. पण वर जावें तशी हवा विरळ होते, त्यामुळें लहर किंचित् खालीं वळते आणि जमिनीच्या वळणाबरोबर थोडी चालते. तेवढ्यानें फुगवटा ३१ ऐवजीं २४ मीटरच आहे असें धरून चालतें.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, लहर म्हणजे दोरा नव्हे. तिला दोऱ्याच्या भोंवतीं मोकळी जागा लागते. प्रकाशाच्या लहरींचा अभ्यास करणाऱ्या फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नांवानें ही जागा ओळखली जाते. तिचा आकार मध्यें फुगीर आणि दोन्ही टोंकांस निमुळता, आपल्या मृदंगाच्या खोडासारखा. चाळीस किलोमीटरांच्या वाटेवर तीन मीटर लांबीच्या लहरीकरितां मध्यावर या जागेची त्रिज्या १७३ मीटर येते. निदान त्यांतले सहा दशांश, म्हणजे १०४ मीटर, तरी मोकळे असावे लागतात. त्यांत फुगवट्याचे २४ मिळवा: मधला डोंगर दोऱ्याच्या सुमारें सवाशें मीटर खालीं असेल तरच वाट निर्वेध म्हणतां येईल. 'मनोऱ्यावरचा तांबडा दिवा आमच्या गच्चीवरून दिसतो, तरी रेडिओ क्षीण कां?' असें कोडें ज्यांस पडतें त्यांस हें उत्तर आहे. डोळ्याला सुईच्या नेढ्याएवढी फट पुरते. लहरीला दिंडी दरवाजा लागतो.

आणि डोंगर खरोखरच आड आला तर? तर लहर अगदींच मरत नाहीं. शिखराच्या धारेवरून ती थोडी खालीं वांकते. दोरा धारेस नुसता टेकला तर शक्तीचा चौथा हिस्सा उरतो. वरच्याच उदाहरणांत मधला डोंगर दोऱ्याच्या १७३ मीटर वर गेला तर एफ्. एम्. लहरीची शक्ति सुमारें चाळिसाव्या हिश्श्यावर येते. त्याच डोंगरामागें मोबाईलच्या ३३ सेंटिमीटर लहरीची मात्र साडेतीनशेंवा हिस्सा उरते. नानांचा रेडिओ बांधावर बोलतो आणि सूनबाईंना मात्र धोंड्यापर्यंत चढावें लागतें, याचें कारण पुष्कळसें या दोन आंकड्यांत आहे.

वाटेवर डोंगर एकच असता तर गणित येथेंच संपतें. सह्याद्रींत तो एकच नसतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या बुलिंग्टननें १९४७ सालीं एक सोयीची तोड सुचविली: दोन्ही टोंकांकडून पाहतां जे कडे क्षितिजावर येतात त्यांच्या स्पर्शरेषा जेथें मिळतील तेथें एकच काल्पनिक डोंगर कल्पावा आणि त्याचाच हिशेब करावा. पुढें १९६८ सालीं कोलोरॅडोंतील बोल्डर येथें अनिता लाँग्ली आणि फिल राइस यांनीं संगणकाकरितां एक पद्धत बसविली. ती आजही सर्वत्र वापरांत आहे. तिच्यांतील एक कल्पना मला फार आवडते. वाटेवरच्या साऱ्या उंच्या घ्याव्या, सर्वांत वरचा दशांश आणि सर्वांत खालचा दशांश सोडून द्यावा, आणि उरलेल्यांतील फरक काढावा. हा त्या भूमीचा खडबडीतपणा. मैदानाला ३० मीटर, टेंकड्यांना ९०, डोंगरांना २००, आणि अति बिकट डोंगरांना ५०० मीटर असे त्याचे ठोकळ आंकडे त्यांनीं दिले. आज हौशी बिनतारी संदेशक घरच्या संगणकावर या पद्धतीनें नकाशे काढतात. पन्नास किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळांत नव्वद मीटरांच्या साडेनऊ लाखांहून अधिक चौकटी येतात; जुन्या अभियंत्याला आठ दिशांना जेवढा वेळ लागे त्याहून थोड्या वेळांत संगणक त्या सर्व रंगवून टाकतो.

आणि रंगवून झालेलें चित्र इतकें सुबक दिसतें कीं मनुष्य फसतो. म्हणून त्यांतले दोष सांगणें मी माझें कर्तव्य समजतों.

नव्वद मीटरांच्या चौकटीस एकच उंची म्हणजे त्या चौकटींतील कमीअधिकाची गोळाबेरीज. मैदानांत त्यानें कांहीं बिघडत नाहीं. सह्याद्रीची धार मात्र कित्येक ठिकाणीं चार माणसें शेजारीं उभीं राहूं नयेत इतकी अरुंद आहे. कोष्टकांत ती बोथट होते, खऱ्याहून ठेंगणी होते, आणि ठेंगण्या धारेवरून संगणक लहरीला सुखानें पलीकडे पोंचवितो. प्रत्यक्षांतील लहर अडलेलीच असते. तीस मीटरांच्या कोष्टकानें हा दोष पुष्कळ कमी होतो, नाहींसा होत नाहीं.

दुसरा दोष अधिक चमत्कारिक. यान तिरकस पाहत जात असल्यामुळें उभ्या कड्यांच्या पाठीमागें त्याच्या रडारची सावली पडली, आणि तेवढ्या जागेची उंची निघालीच नाहीं. त्या रिकाम्या जागा पुढें दुसऱ्या साधनांवरून किंवा शेजारच्या आंकड्यांवरून भरून काढल्या. म्हणजे जेथें लहरी पोंचतील कीं नाहीं याची आपल्याला सर्वांत अधिक शंका, नेमकी तेथलीच मोजणी सर्वांत कच्ची! शिवाय या लहरी झाडांच्या शेंड्यांच्या आसपासूनच परततात. दाट रानांत जी उंची मिळते ती मातीची नव्हे. आणि मोजणी झाली फेब्रुवारींत, जेव्हां आपल्या पानगळीच्या रानांत पानें विरळ होऊं लागलेलीं असतात. आषाढांतलें भिजलेलें रान आंखूड लहरींना किती खातें याची दखल तेथें कोठून असणार?

हवाही आपले खेळ करते. वर सांगितलेला २४ मीटरांचा फुगवटा हा सर्वसाधारण दिवसाचा. दुसऱ्या महायुद्धांत मुंबईस दीड मीटर लहरींचें एक रडार होतें. उन्हाळ्यांत त्यावर हजार मैलांहून दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनि उमटत, आणि पावसाळा लागला कीं ते बंद होत. समुद्रावरची दमट हवा आणि तिच्यावरचा उष्ण कोरडा थर यांच्यामध्यें लहर जणूं नळींतून वाहूं लागते. कोणत्याही डोंगराच्या कोष्टकांत हें लिहिलेलें नसतें.

परंतु सर्वांत मोठी गफलत यंत्राची नव्हे, शब्दांची आहे. 'येथें लहरी पोंचतात' याचा अर्थ काय? ध्वनिक्षेपणाची कक्षा ठरविण्याचे जे प्रसिद्ध आलेख आहेत, त्यांवर ५० आणि ५० असे दोन आंकडे असतात. अर्थ असा कीं, त्या अंतरावरील निम्म्या ठिकाणीं, निम्मा वेळ, इतकी शक्ति मिळेल. उरलेल्या निम्म्यांत कोण राहतें हें आलेखाला विचारूं नये. त्यांत आपल्या कोंकणांतील गांवाची ठेवण निराळी. देशावरचें गांव पुष्कळदां एकवट वसलेलें. त्याच्या मध्यावर एक बिंदु घेतला तर तो साऱ्या गांवाबद्दल बोलतो. कोंकणांतलें गांव म्हणजे डोंगराच्या पदरापदरांतून विखुरलेल्या वाड्या. नकाशावरचा बिंदु बहुधा शाळेवर किंवा रस्त्यावरच्या मुख्य वस्तीवर पडतो, तेथें लहर पोंचलेली असते, आणि त्या एका बिंदूच्या पुण्याईवर मागच्या पऱ्ह्याकांठची वाडीही हिरवी होते. नानांची वाडी हिरवी झाली ती अशी.

याचा उपाय तसा जुनाच आहे: प्रत्यक्ष जाऊन मोजणें. संगणकाच्या नकाशानें कोठें जावयाचें तें कळतें. रंग जेथें एकदम बदलतो, जेथें कडा उभा आहे, जेथें कोष्टक भरून काढलेलें आहे, त्या जागा आधीं पाहाव्या. मोजलेले आंकडे नकाशाशीं ताडून पाहिले म्हणजे त्या खोऱ्यापुरती त्याची चूक किती आणि कोणत्या बाजूस हें समजतें, आणि मग उरलेला नकाशा अधिक विश्वासानें वाचतां येतो. लहानसा पुनःक्षेपक समोरच्या टेंकडीवर बसवावयाचा तर ती टेंकडी कोणती, हेंही याच ताळ्यावरून ठरतें; आणि पुष्कळदां ती सर्वांत उंच टेंकडी नसते, वाडीच्या समोर बरोबर तोंड करून असलेली एखादी ठेंगणी टेंकडीच असते.

गेल्या हिवाळ्यांत मी पुन्हां नानांकडे गेलों तेव्हां एक आलेख-कागद बरोबर नेला होता. तिठ्यावरच्या मनोऱ्यापासून त्यांच्या घरापर्यंतचा, बांधापर्यंतचा आणि धोंड्यापर्यंतचा असे तीन उभे छेद मीं काढले होते. नानांनीं चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि घरामागच्या धारेवर बोट ठेवून म्हणाले, "ही इथें आपण ठेंगणी काढली आहे. खरी धार याहून दोन ताड उंच आहे. आमच्या पोरांना विचारा." नव्वद मीटरांच्या कोष्टकानें काय केलें होतें तें माझ्या ध्यानांत आलें. वाडीच्या लोकांनीं त्यानंतर एक वही घातली. घर, बांध, विहीर, देऊळ, धोंडा, वरची गोठण, अशा सहा जागांवर रोज सकाळ-सायंकाळ रेडिओ आणि फोन लागतो कीं नाहीं याची त्यांत नोंद ठेवली आणि चार महिन्यांनीं तिची नक्कल अर्जाबरोबर पाठविली. मोजणीची गाडी आली, ती डांबरी रस्ता संपतो तेथें थांबली, तेथें लहर उत्तम मिळाली, आणि तसा शेरा लिहून ती परत गेली. रस्त्यापासून वाडी वीस मिनिटांच्या चढावर आहे. नानांनीं दुसरा अर्ज केला, आणि या वेळीं त्याला धार दुरुस्त करून काढलेला छेद जोडला. दिवाळीनंतर यंत्र पाठीवर घेऊन वर येण्याचें आतां कबूल झालें आहे.